गाडीची ट्रिम घरी चमकवायचीय? बफिंग मशीन घेण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी मशीन बघू नका, गाडीपाशी जा. ट्रिम म्हणजे काचा, दारं, बंपर यांच्या कडेच्या शोभेच्या पट्ट्या, आणि बफिंग म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून त्या चमकवणं. जी जी पट्टी, जे जे मोल्डिंग करायचंय ते कशाचं बनलंय हे एकेक करून वहीत लिहून काढा. मशीन कुठलं हे त्या वहीतूनच ठरतं, आणि बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत उत्तर असं निघतं की मोठं मशीन लागतच नाही, किंवा लावलं तर उलट नुकसान होईल.

ओळखायचं कसं ते सांगतो. चुंबक लावून बघा पण त्यावर पूर्ण विसंबू नका, कारण 304 ग्रेडचं स्टेनलेस चुंबकाला सहसा चिकटत नाही, पण 430 ग्रेडचं चिकटतं आणि ट्रिमसाठी तेही बरंच वापरतात, आणि क्रोम चढवलेलं साधं लोखंड तर चिकटतंच. त्यामुळे पट्टी काढली की मागची बाजू बघायची. स्टेनलेस मागून-पुढून एकच धातू असतो, पोचा असेल तर तो दोन्हीकडून दिसतो, पण पापुद्रे सुटत नाहीत. क्रोमवाल्या लोखंडाच्या मागे गंज असतो आणि पुढे बारीक फोड आलेले असतात. हातात एकदम हलकी लागली, चुंबकाला चिकटली नाही आणि वर पांढुरकी मळकट छटा असेल तर ती अ‍ॅल्युमिनियमची. मग मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) बीपवर ठेवून त्याच्या वायरींची दोन्ही टोकं पट्टीच्या दर्शनी बाजूला हलकेच टेकवायची. बीप वाजला तर धातू उघडा आहे, नाही वाजला तर वर धातूच्या पृष्ठभागावरच विजेने तयार केलेला कडक अ‍ॅनोडायझिंगचा किंवा लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) थर आहे. ही दोन मिनिटांची टेस्ट नक्की करा, कारण अ‍ॅनोडायझिंगचा थर मुळात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे सँडपेपरवर जे खडे असतात त्याच जातीचा, त्यावर कापडी चाक कितीही फिरवा चमक येत नाही, फक्त पट्टी तापते.

आता क्रोमबद्दल, आणि हे मनापासून सांगतोय. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याखाली निकेल. कापणारा साबण (चाकाला लावायची घासणारी पॉलिशची वडी) लावून चाकावर धरलं की क्रोम निघून जातं आणि खालून पिवळसर छटा यायला लागते, आणि ते परत आणायचं तर प्लेटिंगलाच द्यावं लागतं. शिवाय क्रोम घासून हवेत धूळ उडवणं तब्येतीलाही वाईट. म्हणून क्रोमच्या वस्तूंसाठी यादीत मशीन लिहूच नका, मऊ कापड आणि हातानेच. आजकालचं बरंचसं क्रोम प्लॅस्टिकवर असतं, त्यालाही हेच. आणि काळं खरखरीत प्लॅस्टिक, बंपरच्या कडेचं, वायपरखालचं, त्यालाही बफ लावायचा नाही, कारण त्याचा खरखरीतपणा हाच त्याचा लुक आहे, चाकाने तो झिजला की मधेच तुळतुळीत ठिपके पडतात आणि ते कायमचे. ते नीट धुवून ट्रिम रिस्टोरर (फिकं पडलेलं प्लॅस्टिक पुन्हा काळं करणारं द्रव) लावायचं काम आहे.

चकचकीत काळे पिलर (दारांच्या काचांमधले खांब) किंवा पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या काचा असतील तर त्यांना छोटा ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर पुरतो, 75 मिलिमीटरच्या फोम पॅडचा. त्याचं पॅड गोल फिरता फिरता हलतंही, म्हणून एकाच जागी उष्णता साठत नाही. एबीएस प्लॅस्टिक साधारण 100 डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे हे महत्त्वाचं. स्पीड कमी ठेवता येतो ना आणि ट्रिगर लॉक होतो ना एवढं बघून घ्या, बास.

मग उरतं स्टेनलेस आणि उघडं अ‍ॅल्युमिनियम, आणि खरं बफिंग मशीन लागतं ते इथेच. लोक खोक्यावरचा वॉट बघतात, पण मी म्हणेन आधी शाफ्ट (चाक बसतं तो मोटरचा दांडा) बघा. साधा बेंच ग्राइंडर घेऊन दगड काढून कापडी चाक बसवलं की झालं असं वाटतं, पण ग्राइंडरचा शाफ्ट आखूड असतो, चाक मोटरच्या अंगाला लागून फिरतं. काचेभोवतीची चार फुटांची वाकडी पट्टी त्यावर धरली की तिचं दुसरं टोक मोटरवर नाहीतर टेबलावर आपटतं, आणि तुमचं लक्ष चाकावरून हटतं. बफिंगसाठी बनवलेल्या मशीनचा शाफ्ट दोन्ही बाजूंना लांब बाहेर आलेला असतो. म्हणून दुकानात जाताना गाडीची सगळ्यात लांब आणि सगळ्यात वाकडी पट्टी सोबत न्या, ते जमत नसेल तर जाड वायर तिच्यासारखी वाकवून न्या, मशीन बंद असताना चाकासमोर धरून फिरवून बघा, कुठे अडकते का. हे करताना संकोच वाटू देऊ नका. त्याच वेळी शाफ्टचा व्यास लिहून घ्या, अर्धा इंच का पाच अष्टमांश का पाऊण, कारण चाकं त्या भोकाची घ्यावी लागतात. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, चालू मशीनमध्ये नट सैल होऊ नये म्हणून, तेव्हा नट निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी हे लक्षात घ्या.

स्पीडचं गणित सोपं आहे पण करून घ्या. 50 हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची (आतल्या चुंबकी ध्रुवांची) मोटर साधारण 2850 आरपीएमने (मिनिटाला इतके फेरे) फिरते आणि चार पोलची साधारण 1425 ने (60 हर्ट्झ असेल तर 3450 आणि 1725). पण धातूला आरपीएम कळत नाही, त्याला कळतो चाकाच्या कडेचा वेग. 150 मिलिमीटरचं चाक 2850 ला मिनिटाला साधारण 1340 मीटर पळतं, 200 चं चाक त्याच मोटरवर 1790 मीटर, म्हणजे ताशी 107 किलोमीटर झाले. तेच 200 चं चाक 1425 वर लावलं तर 895 मीटरच. स्टेनलेस कडक, त्याला वेग हवा, हळू चाकावर तुम्ही नुसते घासत बसाल, आणि अ‍ॅल्युमिनियम लगेच तापतं, त्यावर साबण काळा होऊन चिकटतो, तिथे कमी वेग आणि हलका हात बरा. स्पीड बदलता येणारं मशीन मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर 2850 वालं घेऊन चाकं दोन मापांची ठेवा, छोट्या चाकाने कडेचा वेग आपोआप उतरतो.

पॉवरचं म्हणाल तर 200 च्या चाकाला पाऊण ते एक हॉर्सपॉवर धरा, 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. अर्ध्यावर काम होतं पण जरा दाबलं की चाक मंदावतं, मग माणूस अजून दाबतो आणि तिथेच चुका होतात.

घरात अँगल ग्राइंडर आहे, त्यावरच बफ लावू का? शक्यतो नको. 100 मिलिमीटरचा ग्राइंडर साधारण 11,000 आरपीएमने फिरतो, म्हणजे कडेचा वेग मिनिटाला 3450 मीटरच्या घरात, बरीच कापडी चाकं एवढ्या वेगासाठी बनलेलीच नसतात. चाकावर लिहिलेली कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त असलीच पाहिजे, यात तडजोड नाही. ड्रिल मात्र बॅकअप म्हणून ठेवा, कोपरे, एम्ब्लेमच्या खाचा, जिथे मोठं चाक पोचत नाही तिथे शंकूच्या आकाराचा छोटा बफ ड्रिलवर छान चालतो, फक्त अख्खी गाडी त्यावर करायला जाऊ नका, ड्रिलची बेअरिंग बाजूने पडणाऱ्या दाबासाठी नसतात.

मशीन घरी आल्यावर कुठे बसवणार हे आधीच ठरवा. जड बेंचला चारही बोल्ट कसून किंवा जमिनीत रोवलेल्या स्टँडवर, आणि दोन्ही बाजूंना पट्टीच्या लांबीएवढी मोकळी जागा. अर्थिंग असलेला सॉकेट, एक्स्टेंशन वापरलंच तर पूर्ण उलगडून, गुंडाळी ठेवून नाही. समोर गाडी उभी नको, मागे मुलं नकोत.

चाकं तीन प्रकारची आणा. सिसलचं (घायपाताच्या कडक धाग्याचं), ते कापतं, सँडपेपरच्या रेघा काढतं, मग गोल शिवण असलेलं कापडी, मग सुट्या कापडाचं मऊ, शेवटच्या चमकेसाठी. साबण स्टेनलेसला हिरवा, अ‍ॅल्युमिनियमला आधी तपकिरी ट्रिपोली आणि नंतर पांढरा. एका चाकाला एकच साबण, आणि प्रत्येक चाकावर मार्करने साबण आणि धातू दोन्ही लिहा. एकदा जाड साबणाचा कण मऊ चाकात गेला की तो प्रत्येक पट्टीवर रेघ मारत राहतो. चाक साफ करायला रेक (दातेरी हत्यार) लागतो, तोही यादीत घ्या.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, पट्टी चाकात अडकणं. चाकाची पुढची बाजू वरून खाली फिरते, म्हणून पट्टी नेहमी मध्याच्या खाली धरायची, म्हणजे हातातून सुटलीच तर खाली आणि लांब जाते. मध्याच्या वर धरली तर तीच तुमच्यावर येते. आणि कडेबद्दल, चाक पट्टीवरून येऊन कडेवरून बाहेर पडलं पाहिजे, कडेवर चढता कामा नये. मागच्या काचेची एक पट्टी माझ्या हातून अशीच गेली, वरची कड चाकाने पकडली आणि क्षणात तिची घडी झाली, अंगठा थोडक्यात वाचला. तेव्हापासून लांब पट्टी मी लाकडाच्या पट्टीवर बसवूनच धरतो, लाकूड तिच्या आतल्या आकाराला तासून घ्यायचं, मग ती लवत नाही. पूर्ण चेहरा झाकणारी शील्ड, धुळीचा चांगला मास्क, चामड्याचा एप्रन, बाह्या घट्ट, अंगठी-घड्याळ काढलेलं, ढगळ हातमोजे अजिबात नाहीत, केस बांधलेले. अ‍ॅल्युमिनियमचा भुगा पेट घेऊ शकतो, म्हणून तो साठू देऊ नका, आणि ज्या जागी लोखंड ग्राइंड करून ठिणग्या पाडता त्याच जागी अ‍ॅल्युमिनियम बफ करू नका.

पट्ट्या काढण्याआधी फोटो काढा, प्रत्येकीच्या मागे टेप लावून जागा लिहा, आणि क्लिपा आधीच मागवून ठेवा, जुन्या क्लिपा काढताना तुटतातच. काढायला प्लॅस्टिकचं पाचर वापरा, स्क्रूड्रायव्हरने पट्टीही वाकते आणि रंगही जातो. पोचे बफच्या आधी काढायचे, मागून छोट्या हातोडीने हळूहळू, मग वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) 400, 600, 800, 1000 असा, दर वेळी दिशा बदलून, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या का ते दिसतं. अ‍ॅनोडायझिंग असेल तर कॉस्टिक सोड्याच्या क्लीनरने ते आधी उतरवावं लागतं, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून, उघड्यावर, कारण त्यात हायड्रोजन सुटतो. उतरवल्यावर अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं आणि पुन्हा मळकटतं, तेव्हा वरून क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारणार का दर काही महिन्यांनी पॉलिश करणार का परत अ‍ॅनोडाइज करून घेणार हे उतरवायच्या आधी ठरवा.

पहिल्या दिवशी नवीन चाक लावून मशीन चालू करा आणि बाजूला उभे रहा, एक मिनिट तसंच फिरू द्या, मग रेक लावून सुटे धागे काढा, साबण अगदी थोडा लावा आणि पट्टीचं जे टोक रबराखाली लपणार आहे तिथे आधी करून बघा.