डॉमिनेशन खेळताना या चुका टाळा : दोन झेंडे हातात असूनही सामना का निसटतो?

शूटर गेममधल्या प्रदेश ताब्यात घेण्याच्या सामन्यानंतर स्कोअरबोर्ड पाहिला, तर सर्वाधिक किल करणारा खेळाडू पुष्कळदा हरलेल्या टीममध्ये आढळतो. त्याची नेमबाजी कमी पडलेली नसते. सामना ज्या गोष्टीवर मोजला जातो तिच्याकडे त्याचे लक्ष नसते. २००७ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’मधला ‘डॉमिनेशन’ हा या प्रकारातला सर्वांत परिचित मोड (खेळण्याचा प्रकार) असल्यामुळे येथे त्याचेच नियम आधाराला घेतले आहेत. मॅपवर ए, बी आणि सी असे तीन झेंडे असतात, ताब्यातला प्रत्येक झेंडा दर ५ सेकंदांनी टीमला १ गुण देतो आणि जी टीम आधी २०० गुण गाठते ती जिंकते. किल केल्याने टीमच्या खात्यात काहीही जमा होत नाही. किलचा उपयोग एवढाच, की समोरचा खेळाडू काही सेकंद झेंड्यापासून दूर राहतो.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. दोन झेंडे अखेरपर्यंत राखले, तर २०० गुणांना ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात एकच झेंडा हाती असलेली टीम १०० गुणांवर अडकलेली असते. म्हणजेच दोन झेंड्यांवर सामना दुप्पट गुणांनी जिंकता येतो. बहुतेक चुका हे आकडे विसरल्यामुळे होतात.

तिसऱ्या झेंड्याचा मोह

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. मेलेल्या खेळाडूला पुन्हा कोठे उभे करायचे, हे गेम ताब्यातले झेंडे, त्याच्या सहकाऱ्यांची जागा आणि शत्रूची जवळीक पाहून ठरवतो. तुमच्याकडे ए आणि बी असतील, तर प्रतिस्पर्धी सहसा सी च्या मागे स्पॉन होतात, म्हणजे मेल्यावर पुन्हा उभे राहतात, आणि ते कोणत्या दिशेने येणार हे ठाऊक असल्यामुळे त्यांना अडवणे सोपे जाते. पण तुमचे तीन-चार जण सी च्या पाठीमागे घुसले, की ती जागा गेमच्या दृष्टीने सुरक्षित राहत नाही आणि प्रतिस्पर्ध्यांना मॅपच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बहुधा तुमच्या रिकाम्या ए जवळ, उभे केले जाते. यालाच खेळाडू ‘स्पॉन पलटला’ असे म्हणतात.

मी स्वतः ज्यात होतो असा एक सामना सांगतो. आम्ही १५० वर होतो, समोरचे १४६ वर, आणि ए व बी आमच्याकडे होते. नुसते जागेवर थांबलो असतो, तरी १२५ सेकंदांत आमचे २०० झाले असते आणि ते १७१ वर राहिले असते. पण सी च्या बाजूला शांतता दिसली आणि आम्ही चौघे तिकडे धावलो. झेंडा मिळाला, १० सेकंद तिन्ही आमचे होते, आकडा १६२-१४९ झाला, आणि त्याच क्षणी ए चे अक्षर लुकलुकू लागले. आम्ही वळेपर्यंत ए गेला, पाठोपाठ बी गेला. त्या वेळी आम्ही १६४ वर आणि ते १५० वर होते, तरीही दोन झेंडे त्यांचे आणि एक आमचा असल्यामुळे शेवटचा आकडा २००-१८९ असा त्यांच्या बाजूने लागला. तिसऱ्या झेंड्याने आम्हाला जेमतेम २ गुण जास्त दिले होते.

यावर उपाय असा, की बी आणि सी यांच्या मधोमध एक रेषा मनाशी ठरवावी, तिथूनच सी कडच्या वाटांवर नजर ठेवावी आणि एखादा किल झाल्याच्या उत्साहात ती रेषा ओलांडू नये. याला अपवाद एकच आहे, आणि तोही आकड्यांवरूनच ठरतो. समजा प्रतिस्पर्धी १८५ वर आहेत आणि तुम्ही १५० वर. दोन झेंडे राखूनही त्यांचे २०० होतील तेव्हा तुम्ही १८० वरच असाल. अशा वेळी त्यांची गुणवाढ पूर्ण थांबवणे भाग असते, म्हणून तिसऱ्या झेंड्यावर जावेच लागते.

ताब्यात आलेल्या झेंड्यावर ठाण मांडणे

याच मालिकेतल्या २०१२ च्या ‘ब्लॅक ऑप्स २’मध्ये आलेला ‘हार्डपॉइंट’ हा मोड खेळून आलेल्यांना ही सवय असते. तिथे टीमचा कोणीतरी क्षेत्रात उभा असेपर्यंतच गुण मिळतात आणि ते क्षेत्र दर ६० सेकंदांनी बदलते. डॉमिनेशनमध्ये मात्र एकदा ताब्यात आलेला झेंडा तुम्ही निघून गेलात तरी तुमचाच राहतो. त्यामुळे झेंड्याभोवतीच्या, ताबा घेण्याच्या वर्तुळात बसून राहणारा खेळाडू ग्रेनेडचे आयते लक्ष्य बनतो. झेंडा दिसेल, पण स्वतः आडोशाला राहता येईल अशी जागा धरावी.

सुरुवातीलाही असाच गोंधळ होतो. सगळे बी कडे धावतात आणि घरचा, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या जागेजवळचा, झेंडा मोकळा राहतो, किंवा तिघेचौघे घरच्या झेंड्याभोवती घोटाळतात आणि बी आयता प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. घरच्या झेंड्याला एक खेळाडू पुरे. तो झेंडा अर्धा मिनिट मोकळाच राहिला, तर ६ गुण गेले.

ताबा किती झाला हे दाखवणारा पट्टा पुढे सरकत नाही, तेव्हा

प्रथम वर्तुळात शत्रू आहे का ते पाहावे, कारण दोन्ही बाजूंचे खेळाडू आत असतील तर प्रगती थांबते. तो बहुधा तुमच्याच आडोशाच्या पलीकडे, खोक्यामागे किंवा कोपऱ्यात आडवा पडलेला असतो. कोणीच दिसत नसेल, तर तुम्ही खरोखर वर्तुळात आहात का ते तपासावे, कारण झेंड्याच्या वरचे छप्पर किंवा भिंतीची पलीकडची बाजू पुष्कळदा हद्दीबाहेर असते. आणि पट्टा अर्धा भरला असताना आवाज ऐकून बाहेर पळू नये. काही गेममध्ये प्रगती लगेच शून्यावर येते, काहींत हळूहळू उतरते, पण वाया दोन्हीकडे जाते. शक्य असेल तर दोघांनी मिळून ताबा घ्यावा. ‘टीम फोर्ट्रेस २’ या दुसऱ्या शूटर गेममध्ये दोघे असल्यास वेग दीडपट आणि तिघे असल्यास सुमारे १.८३ पट होतो, म्हणजे तिसऱ्याच्या येण्याने फारसे वाढत नाही. त्याने बाहेर उभे राहून वाट अडवलेली बरी.

एका गेमचे गणित दुसऱ्यात वापरणे

२००२ च्या ‘बॅटलफील्ड १९४२’पासून चालत आलेल्या ‘काँक्वेस्ट’ या मोडमध्ये झेंडेच जिंकायचे असले, तरी मोजणी उलट दिशेने चालते. प्रत्येक बाजूला तिकिटांचा ठरावीक साठा मिळतो, मेल्यावर पुन्हा मैदानात उतरताना एक तिकीट खर्च होते आणि जास्त झेंडे राखणारी बाजू समोरच्याचा साठा झिरपवत राहते. डॉमिनेशनमध्ये झेंडा वाचवण्यासाठी जीव देणे बहुधा परवडते, कारण मरणाची किंमत फक्त वेळ असते. काँक्वेस्टमध्ये तेच वारंवार केले, तर टीमचा साठा आटतो. तिथे मेडिकने (उपचार करणाऱ्या सहकाऱ्याने) येऊन उठवेपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे ठरते.

एकेकट्याने जाणे आणि अर्धवट बोलणे

एकच झेंडा उरला, की घाई होते. जो स्पॉन होतो तो एकटाच बी कडे धावतो, मरतो, आणि तोपर्यंत दुसरा त्याच वाटेने निघालेला असतो. समोर दोघेच असले, तरी त्यांना प्रत्येक वेळी एकालाच तोंड द्यावे लागते. त्यापेक्षा पाच-सात सेकंद थांबून तिघांनी एकदम निघावे, एकाने झेंड्यावर स्मोक (धुराचा ग्रेनेड) टाकावा, दोघांनी आत शिरावे आणि तिसऱ्याने शत्रूची येण्याची वाट धरावी. थांबण्यात जाणारा १ गुण यापुढे काहीच नाही.

माइकवर ‘तिकडे आहे, तिकडे’ एवढे सांगून कोणाला काही कळत नाही. ‘बी वर दोघे, एक खिडकीत’ हे तितक्याच वेळात सांगता येते. झेंड्याचा उल्लेखही अक्षरानेच करावा. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या नव्या भागांत सामना निम्म्यावर आला की बाजू बदलतात, आणि मग ‘आपल्या झेंड्यावर या’ म्हटल्यावर तिघे ए कडे आणि तिघे सी कडे वळतात.