विंडोज अपग्रेडनंतर नॅस उघडत नाही, बॅकअप थांबला? असं सोडवा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे घराघरांतले आणि छोट्या ऑफिसांतले कितीतरी कॉम्प्युटर विंडोज ११ वर गेले. अपग्रेड सहसा नीट होतं. फाइल्स जागेवर असतात, प्रिंटरही चालतो. मग कुणीतरी नॅसवरचं शेअर्ड फोल्डर उघडायला जातं आणि ते उघडत नाही. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, आत हार्ड डिस्क असलेला तो डबा, ज्यावर घरातले फोटो किंवा ऑफिसचा सगळा डेटा असतो. त्याचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत असतात, मोबाइलवरून फोटोही दिसतात. अडतं ते फक्त अपग्रेड केलेल्या कॉम्प्युटरवर.

अशा वेळी नॅस बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी असते. बदललेलं असतं विंडोज. १ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ ने नेटवर्कवरच्या फाइल शेअरिंगचे नियम बरेच कडक केले. जुन्या, ढिल्या पद्धतीने चालणारे नॅस त्या नियमांत अडकतात. हे नियम आपल्याच भल्याचे आहेत. म्हणून विंडोजला पुन्हा ढिलं करण्याआधी नॅसला सुधारायचं, हा क्रम धरा.

सुरुवातीला काय करू नका

घाबरून केलेल्या उपायांनीच डेटा जातो, म्हणून हे आधी. नॅसवरचं रीसेटचं बटण दाबू नका. त्याच्या स्क्रीनवर डिस्क ‘इनिशियलाइझ’ करण्याचा पर्याय दिसला तरी तो निवडू नका.

नॅसमधली डिस्क काढून यूएसबीने कॉम्प्युटरला जोडण्याचा मोह तर टाळाच. बहुतेक घरगुती नॅस आतून लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या डिस्कवर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम असते. ती विंडोजला वाचता येत नाही. मग विंडोज सरळ विचारतं, ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची आहे, करू का?’ तिथे ‘हो’ म्हटलं की सगळ्या वर्षांचा डेटा धोक्यात.

डिस्क क्लीनअप चालवून जुन्या विंडोजच्या फाइल्सही इतक्यात काढू नका. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ हा पर्याय अपग्रेडनंतर साधारण १० दिवस उपलब्ध असतो. तो वापरायची वेळ बहुधा येणार नाही, पण वाट मोकळी असू द्या.

नॅसपर्यंत पोहोचता येतंय का?

ब्राउझर उघडून नॅसचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. नॅसचं लॉगिनचं पान आलं तर केबल, राउटर, नॅस सगळं ठीक आहे आणि अडचण फाइल शेअरिंगमध्ये आहे. पान आलं नाही तर बऱ्याचदा पत्ताच बदललेला असतो. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की तो नॅसला नवा आयपी देऊ शकतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे नॅसचा आताचा पत्ता बघा आणि तोच कायमचा राखून ठेवा. राउटरमध्ये ही सोय ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ अशा नावाने असते.

मग कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथून तुमच्या वाय-फायच्या किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. नेटवर्क ‘पब्लिक’ झालेलं असेल तर ते ‘प्रायव्हेट’ करा. हे फक्त घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कसाठी. वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याच्या फायरवॉलमध्येही हेच बघा.

फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’मध्ये नॅसचं चित्र दिसत नाही, याचा फार अर्थ काढू नका. ती यादी वेगळ्या यंत्रणेने बनते आणि नॅस चालू असूनही रिकामी राहू शकते. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि लगेच आयपी पत्ता टाइप करून एंटर दाबा. खरी चाचणी ती.

एरर नीट वाचा

एररची खिडकी लगेच बंद करू नका, मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. पुढचा उपाय त्या मजकुरावर ठरतो.

‘ऑर्गनायझेशन’च्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे ‘अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस’ बंद आहे, असा मजकूर आला तर घरातला माणूस गोंधळतो. आपल्या घरात कुठली आली ऑर्गनायझेशन? हे विंडोजचं ठरावीक वाक्य आहे, कुणी तुमचा कॉम्प्युटर ताब्यात घेतलेला नाही. तुमचा नॅस पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून आत घेत होता आणि २४एच२ पासून विंडोज ११ ची प्रो आवृत्ती असं पाहुणेपण नाकारते. होम आवृत्तीत हा बदल नाही. एकाच घरात एका लॅपटॉपवर नॅस उघडतो आणि दुसऱ्यावर नाही, त्याचं कारण बहुधा हेच. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे आपली आवृत्ती कोणती ते कळतं.

उपाय सोपा आहे. नॅसच्या पानावर ॲडमिन म्हणून लॉगिन करा, नवा युजर तयार करा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि हव्या त्या फोल्डरवर वाचण्या-लिहिण्याची परवानगी द्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरा मजकूर ‘क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इनव्हॅलिड’ अशा धर्तीचा असतो. विंडोज ११ च्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्या आता नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मागतात. वाटेत कुणी मजकूर बदलला तर सही जुळत नाही आणि फसवणूक उघडी पडते. नॅसला सही करता येत नसेल, किंवा ती सोय त्याच्यात बंद असेल, तर जोडणी तुटते. त्यासाठी आधी नॅसचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. मग त्याच्या फाइल सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये एसएमबीचा (विंडोज नेटवर्कवर फाइल शेअर करण्यासाठी वापरतं ती पद्धत) भाग उघडा, कमीत कमी आवृत्ती एसएमबी२ आणि जास्तीत जास्त एसएमबी३ ठेवा, आणि ‘सर्व्हर सायनिंग’ चालू करा. सिनॉलॉजीच्या नॅसमध्ये हे कंट्रोल पॅनेल, फाइल सर्व्हिसेस, एसएमबी, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज असं सापडतं. पाहुण्याच्या जोडणीला सही करता येत नाही, त्यामुळे इथेही पासवर्डचा युजर लागतोच.

तिसरी अडचण सगळ्यांत जुनी. एररच्या शेवटी ८००७००३५ असा आकडा येतो, किंवा शेअर जुनाट एसएमबी१ मागतोय असं विंडोज सांगतं. आकडा एकटाच असेल तर आधी वरच्या पायऱ्या पुन्हा तपासा, कारण चुकीच्या पत्त्यालाही तोच आकडा येतो. एसएमबी१ चा उल्लेख स्पष्ट असेल तर नॅस खरंच म्हातारा झालाय. राउटरच्या मागे यूएसबी डिस्क लावून केलेलं शेअरिंगही पुष्कळदा याच प्रकारात मोडतं.

इंटरनेटवर यावर एक सल्ला सर्रास मिळतो: ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबी१ चालू करा. माझं स्पष्ट मत, करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभरातले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद केले ते याच एसएमबी१ मधल्या भगदाडातून. म्हाताऱ्या नॅसवरचा डेटा त्याच्या वेब पानावरून किंवा एफटीपीने (फाइल्स पाठवण्याची एक जुनी पद्धत) उतरवून घ्या आणि त्याला निवृत्त करा. राउटरला लावलेली डिस्क असेल तर ती काढून थेट कॉम्प्युटरला लावा.

सहीची अट तात्पुरती सैल करण्याची सोय प्रो आवृत्तीच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत आहे. लोकल पॉलिसीज, मग सिक्युरिटी ऑप्शन्स, तिथे ‘मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट’ने सुरू होणारी आणि ‘डिजिटली साइन कम्युनिकेशन्स, ऑलवेज’ म्हणणारी ओळ. डेटा बाहेर काढण्यापुरती ती बंद करा आणि काम झालं की त्याच दिवशी परत चालू करा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी नाकारतो

कंट्रोल पॅनेलमधून क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्सवर जा. नॅसच्या नावाच्या किंवा आयपीच्या जुन्या नोंदी काढून टाका आणि नवी नोंद करा. युजरनेम लिहिताना आधी नॅसचं नाव, मग एक बॅकस्लॅश, मग युजर असं लिहिलं तर विंडोज त्याला स्वतःचा युजर समजत नाही.

इथे चार आकडी पिन टाकून लोक अडकतात. पिन फक्त त्या कॉम्प्युटरपुरता असतो, नॅसला तो माहीतच नसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्डही इथला नव्हे. इथे नॅसवर तयार केलेल्या युजरचाच पासवर्ड लागतो. एकाच नॅसला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायला विंडोज नकार देतं, त्यामुळे जुना मॅप केलेला ड्राइव्ह (नॅसच्या फोल्डरला दिलेलं झेडसारखं ड्राइव्हचं अक्षर) आधी डिस्कनेक्ट करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग नव्या युजरने जोडा.

फोल्डर उघडलं, पण बॅकअप?

इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच नुकसान होतं. फोल्डर उघडणं आणि बॅकअप सुरू असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बॅकअपचा प्रोग्राम स्वतःकडे वेगळा युजर-पासवर्ड साठवून ठेवतो आणि तो अजून जुन्याच, पाहुण्याच्या नावाने दार ठोठावत असतो. त्यात नवा युजर टाका. नॅसवरच्या बॅकअपच्या जुन्या फोल्डरवर या नव्या युजरला लिहिण्याची परवानगी आहे का, तेही बघा. नसेल तर जुने बॅकअप दिसतील, पण नवे जमा होणार नाहीत.

प्रोग्राममध्ये बॅकअपची जागा ‘झेड ड्राइव्ह’ अशी दिली असेल तर ती बदलून नॅसचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. तुम्ही मॅप केलेला ड्राइव्ह ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला सहसा दिसत नाही. एक्सप्लोररमध्ये झेड समोर दिसतोय आणि प्रोग्राम म्हणतोय ‘जागा सापडली नाही’, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

आता वनड्राइव्ह. अपग्रेडनंतर ‘तुमच्या पीसीचा बॅकअप घ्या’ असं विचारणारा स्क्रीन येतो आणि आपण घाईत पुढे जातो. त्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलू शकतात. नॅसवर बॅकअप घेणारा प्रोग्राम मात्र जुन्याच जागेचा बॅकअप घेत राहतो, म्हणजे रिकाम्या फोल्डरचा, आणि रोज ‘यशस्वी’ असा संदेश देतो. डॉक्युमेंट्स उघडा, तिथल्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये तिची जागा वाचा. त्यात वनड्राइव्हचं नाव असेल तर प्रोग्राममधला पत्ता बदला.

विंडोजची स्वतःची बॅकअपची सोय, फाइल हिस्ट्री, वापरत असाल तर ती आता कंट्रोल पॅनेलमध्येच भेटते. तिथे शेवटची कॉपी कधी झाली ती तारीख असते. तेवढ्यावर विसंबू नका, नॅसवरचं फाइल हिस्ट्रीचं फोल्डर उघडून बघा. तिथे प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ असते. सकाळी अकराला सेव्ह केलेल्या हिशोबाच्या फाइलपुढे साडेपाचच्या आसपासची वेळ दिसली तर दचकू नका. ती जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे.

रात्री दोनला ठरवलेला बॅकअप होत नसेल तर पॉवरच्या सेटिंग बघा. कॉम्प्युटर झोपलेला असेल तर वेळापत्रक कितीही नीट असो, काम होत नाही. दुपारच्या जेवणाची वेळ ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

शेवटी एक पूर्ण बॅकअप समोर बसून घ्या. मग त्यातली एखादी फाइल वेगळ्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून बघा. फोटो असेल तर पूर्ण आकारात बघा. टॅलीचा डेटा असेल तर तो टॅलीतच उघडा आणि शेवटची नोंद जुळते का ते तपासा. फाइलचं नाव दिसणं पुरेसं नाही.

हे सगळं जमलं की नॅसवर बॅकअपसाठी आणखी एक वेगळा युजर करा आणि त्याचा पासवर्ड फक्त बॅकअपच्या प्रोग्राममध्ये ठेवा, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये नको. रोजच्या युजरला बॅकअपच्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी काढून घ्या. उद्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर आलं तर ते उघड्या ड्राइव्हवरून थेट बॅकअपपर्यंत पोहोचायला नको. नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे फाइल्सची त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवण्याची, सोय असेल तर तीही चालू करा.

घरातला किंवा ऑफिसातला दुसरा कॉम्प्युटर अजून अपग्रेड व्हायचा असेल तर त्याच्यासाठी क्रम उलटा ठेवा: आधी नॅसचं फर्मवेअर, मग पासवर्डचा युजर, मग जुन्या विंडोजवरूनच त्या नव्या युजरने जोडून बघणं, आणि तिथे सगळं उघडलं की मग अपग्रेड.