गुप्ता प्रकरण वाचायचंय? लग्न सोडा, कोळसा धरा

साउथ आफ्रिकेतलं गुप्ता बंधूंचं प्रकरण, म्हणजे राष्ट्राध्यक्ष झुमांशी असलेली जवळीक वापरून सरकारी कंपन्यांचा पैसा ओढल्याचा आरोप, वाचायला घेतलं की निम्मे लोक गुप्तांच्या घरच्या, सन सिटी रिसॉर्टमधल्या लग्नातच अडकतात. 2013 च्या एप्रिलअखेर वऱ्हाडाचं विमान थेट वॉटरक्लूफच्या हवाई दलाच्या तळावर उतरवलं, मजेशीर आहे मान्य, पण त्यातून पैसा कसा फिरला ते कळत नाही. मी तीनदा सुरुवात करून सोडून दिलं होतं, शेवटी जी पद्धत जमली ती सांगतो.

आधी एक साधी एक्सेल शीट उघडा. चार रकाने, तारीख, पैसे कोणी दिले, कोणाला मिळाले, आणि त्या दिवशी पैसे देणाऱ्या सरकारी कंपनीच्या खुर्चीत कोण होतं. चौथा रकाना आळस करून सोडू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

मग माणसांची नावं पाठ करत बसू नका. अतुल 1993 मध्ये सहारनपूरहून तिकडे गेला, अजय आणि राजेश हे भाऊ, कॉम्प्युटरचा धंदा, पुढे खाणी, 'द न्यू एज' पेपर, एएनएन7 चॅनल, एवढं पुरे. प्रत्येक धंद्यापुढे एकच प्रश्न लिहा, गिऱ्हाईक कोण? पेपरच्या ब्रेकफास्ट कार्यक्रमांना स्पॉन्सर कोण तर वीज बनवणारी एस्कॉम, रेल्वे-बंदरं सांभाळणारी ट्रान्सनेट, म्हणजे सरकारीच कंपन्या. हे दिसलं की मग तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांचा मुलगा दुदुझाने गुप्तांचा पार्टनर होता याचा अर्थ लागायला लागतो.

आता एकच व्यवहार घ्या आणि तो पूर्ण भरा. ऑप्टिमम कोळसा खाण. मालक ग्लेनकोर ही बडी खाण कंपनी, कोळसा जायचा एस्कॉमला, एस्कॉमने दर वाढवून द्यायला नकार दिला आणि वर 2.17 अब्ज रँडचा दंड लावला, खाण बुडीत निघाली, आणि गुप्तांची टेगेटा ही कंपनी 2.15 अब्जांना ती घ्यायला तयार. 11 एप्रिल 2016 ला टेगेटाला साधारण 600 दशलक्ष कमी पडत होते, बँकांनी नाही म्हटलं, आणि त्याच रात्री एस्कॉमच्या कमिटीने मीटिंग घेऊन टेगेटाला कोळशाचे 659 दशलक्ष ॲडव्हान्स मंजूर केले! ही ओळ शीटमध्ये भरली की बाकीच्या बातम्या आपोआप जागेवर बसतात. चौथ्या रकान्यात ब्रायन मोलेफे, तेव्हाचे एस्कॉमचे प्रमुख. अजय गुप्तांशी फोनवर किती बोलले ते थुली मॅडोन्सेलांच्या (तेव्हाच्या पब्लिक प्रोटेक्टर, म्हणजे सरकारी गैरकारभाराची चौकशी करणाऱ्या अधिकारी) रिपोर्टमध्ये मोजून दिलंय, आणि गुप्तांचा बंगला असलेल्या जोहान्सबर्गच्या सॅक्सनवोल्डला कशाला जायचात विचारलं तर म्हणे तिथे जवळ एक शेबीन, म्हणजे दारूचा गुत्ता आहे. त्या बंगलेवाल्या एरियात लोक नंतर तो गुत्ता शोधत फिरले.

काय वाचायचं त्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी मॅडोन्सेलांचा 2016 चा रिपोर्ट, 355 पानं आहेत, घाबरू नका, फक्त जोनास आणि एस्कॉमचा भाग वाचा. (म्सेबिसी जोनास म्हणजे तेव्हाचे उपअर्थमंत्री, गुप्तांनी आपल्याला अर्थमंत्रिपद आणि 600 दशलक्ष रँड देऊ केले असं त्यांनी सांगितलं, गुप्तांनी ते नाकारलं.) मग 2017 चे गुप्तांचे लीक झालेले ईमेल, आणि याच प्रकरणाची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगाचे 2022 चे खंड सगळ्यात शेवटी, ते आधी घेतलेत तर बुडालात.

आयोगाचा निष्कर्ष आणि कोर्टाची शिक्षा मात्र एकाच पेनाने लिहू नका. मी आरोपाला पिवळा, आयोगाच्या निष्कर्षाला केशरी, शिक्षेला लाल रंग ठेवलाय. आणि त्या काळातल्या 'व्हाइट मोनोपॉली कॅपिटल' (सगळी संपत्ती गोऱ्या भांडवलदारांच्या हातात, अशी घोषणा) वाल्या पोस्टवरून मत बनवायच्या आधी बेल पॉटिंजर ही लंडनची पीआर कंपनी का बुडाली ते वाचा, ती गुप्तांसाठीच काम करत होती.

जून 2022 ला राजेश आणि अतुलना दुबईत पकडलं, 2023 मध्ये तिथल्या कोर्टाने साउथ आफ्रिकेच्या ताब्यात द्यायला नकार दिला. माझ्या शीटमध्ये ही ओळ अजून पिवळीच आहे.