“बरं आहे” म्हणू नका, कॅलेंडर दाखवा

माझ्या सासूबाईंची वीस वर्षं निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. खोकल्याचं त्यांना काही वाटतच नाही. दम्याच्या डॉक्टरांनी “कसं आहे?” विचारलं की “बरं आहे की” म्हणून मोकळ्या. त्यांच्या लेखी बरं म्हणजे सलाईन लावावं लागलं नाही. डॉक्टरांच्या लेखी बरं म्हणजे रात्रीची झोप मोडली नाही. वर्षभर औषध तेच राहिलं, आणि गेल्या पावसाळ्यात एका पहाटे त्यांना वाक्य पुरं करता येईना.

तेव्हापासून स्वयंपाकघरातलं कॅलेंडरच मी दवाखान्यात नेते. दम्यानं रात्री जाग आली की तारखेखाली ‘रा’. धाप लागली की घ्यायचा निळा पंप (इनहेलर) घेतला की रेघ. काम अर्ध्यावर टाकून बसावं लागलं की फुली. मागच्या चार आठवड्यांत एक जरी ‘रा’ किंवा फुली असेल, किंवा निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा पुरता ताब्यात नाही. आमचे डॉक्टर कन्नड बोलणारे, मला ‘उब्बस’ म्हणजे दमा, याच्या पुढे कन्नड शब्द सुचत नाहीत, पण रेघा त्यांनी लगेच मोजल्या.

पंपही सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच घेऊन दाखवा. सासूबाई आधी दाबायच्या, मग श्वास घ्यायच्या. सगळं औषध जिभेवर. आता स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावतो. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकदाच दाबून सावकाश आत ओढायचा, मनात दहा मोजेपर्यंत रोखायचा. दुसऱ्यांदा घ्यायचा तर अर्धा मिनिट थांबून, पुन्हा हलवून. रोजच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं.

आणि चुकवलेले दिवस लपवू नका, हे मी हात जोडून सांगते. “पंपाची सवय लागते” असं शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून सासूबाई बरं वाटलं की रोजचा पंप सोडायच्या, आणि डॉक्टर रागावतील म्हणून बोलायच्या नाहीत. डॉक्टरांना वाटायचं, औषधच कमी पडतंय. त्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि ते थेट फुफ्फुसात जातं. त्याची सवय लागत नाही. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण भीती बोलून दाखवल्यावरच.

बोलताना धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा निळ्या पंपानं उतार पडेना, तर कॅलेंडर राहू द्या. लगेच गाडी काढा आणि वाटेत स्पेसरमधून निळा पंप देत राहा.