डेस्कटॉपच्या सवयीने लॅपटॉप घेताना या चुका टाळा

२००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरात प्रथमच डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप अधिक विकले गेले. मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये तर संगणकाचे टेबल हटले की एका माणसाची झोपायची सोय होते, त्यामुळे हा बदल येथे सहज रुजला. मात्र लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून कॅबिनेट आणि दुसऱ्यातून मदरबोर्ड घेऊन संगणक असेंबल करणारी मंडळी आजही त्याच हिशोबाने लॅपटॉप पाहतात आणि तेथेच फसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘आता ८ जीबी घेऊ, रॅम पुढे वाढवू’ हा विचार. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) असते आणि ती कधीही वाढवता येत नाही. रिकामा स्लॉट आहे का, हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेल क्रमांकापुढे पाहावे. स्लॉट नसेल तर १६ जीबीच घ्यावी.

प्रोसेसरचे नुसते नाव पाहणेही पुरेसे नाही. इंटेलचा डेस्कटॉपमधला आय-५ साधारण ६५ वॅटवर चालतो, तर लॅपटॉपमधला, मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ अक्षर असलेला आय-५ बहुधा १५ वॅटचा, म्हणजे कमी ताकदीचा असतो. व्हिडिओ संपादनासारखे जड काम असेल, तर ‘एच’ अक्षराचा प्रोसेसर पाहावा. तो तापतो आणि बॅटरीही लवकर संपवतो, हे मात्र गृहीत धरावे.

नवा लॅपटॉप मंद पडल्याची तक्रार आली की लोक व्हायरस शोधू लागतात. तो गादीवर ठेवून वापरला जातो का, हे आधी पाहावे, कारण खालच्या जाळ्या झाकल्या गेल्या की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. सतत चार्जिंगला लावून ठेवायचा असेल, तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. ती चालू करावी.

जुन्या डेस्कटॉपची ३.५ इंची हार्ड डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. नव्या लॅपटॉपची डिस्क मात्र काढून दुसरीकडे जोडली तरी बहुधा वाचता येत नाही, कारण विंडोज ११ मध्ये ती अनेकदा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठते. दुकानातल्या मुलाने सोय म्हणून स्वतःच्या ई-मेलने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर ही किल्ली त्याच्या खात्यात राहते. म्हणून पहिले लॉगिन स्वतःच करावे आणि किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

जुना मॉनिटर भंगारात काढण्याची घाई करू नये. दिवसभर मान खाली घालून काम करण्यापेक्षा तो लॅपटॉपला जोडावा. त्याला केवळ व्हीजीए पोर्ट (जुन्या पद्धतीची पिनांची जोडणी) असेल, तर लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टवरून जोडणारा स्वस्त कन्व्हर्टर मिळतो.