जुगाराच्या नादातून सुटायला ईमेलवर मदत मागताय? या चुका टाळा

बुकीकडून आयडी (पैसे लावायचं खातं) घेऊन क्रिकेटवर लावलेले पैसे असोत, फोनवरची रमी असो नाहीतर टपरीवरचा मटक्याचा ओपन-क्लोज, आपल्या सांगलीकडं यात अडकलेला माणूस डॉक्टरकडं सहसा जात नाही. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा नाही, पण तिथल्या बाकड्यावर बसलं की गावचं कोणतरी भेटणार ही भीती असते. म्हणून ईमेल बरा वाटतो आणि तो खरंच चांगला मार्ग आहे, तोंड दाखवावं लागत नाही, रात्री दोनला पण लिहिता येतं, आणि विटा-आटपाडीकडची जी पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी पार लांबच्या राज्यात राहतात त्यांना तर आपल्या भाषेत मन मोकळं करायला दुसरं कोण असतं तिथं? पण मेल पाठवूनही काय झालं नाही म्हणणारे बरेच असतात, आणि बहुतेक वेळा गडबड लिहिण्यातच असते.

आधी कुठं लिहायचं ते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही सेवा मुंबईतून फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते, मराठी पण चालतं. ब्रिटनमधली गॉर्डन मूडी ही संस्था १९७१ पासून जुगाराच्या प्रश्नावरच काम करते, तिची गॅम्बलिंग थेरपी ही ऑनलाइन मदत दुसऱ्या देशातल्या लोकांसाठीही खुली आणि फुकट आहे. पत्ता संस्थेच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या पत्त्यावर लिहू नका, कारण "हरलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारे बसलेलेच असतात आणि हरलेला माणूस त्यांना लगेच सापडतो. खरा समुपदेशक तुमचा ओटीपी, पासवर्ड, आधारचा फोटो कधीच मागणार नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अर्धवट लिहिणं. "मला गेमची सवय लागलीय, काय करू" एवढंच. समोरच्याला तुमचं घर दिसत नाही, चेहरा दिसत नाही, त्यानं त्यावर काय सांगायचं? आणि आकडा तर हमखास कमी सांगितला जातो, चार लाख गेले असतील तर पन्नास हजार. घरात लपवायची सवय लागलेली असते ती मेलमध्ये पण तशीच येते. पण जिथं तुम्हाला कोण ओळखतच नाही तिथं लपवून मिळणार काय? उलट कर्ज किती आणि कुणाचं यावरच पुढचा सल्ला ठरतो, सोसायटीचं कर्ज वेगळं, लोन ॲप वेगळं, बायकोचे दागिने ठेवून घेतलेलं वेगळं, हातउसने वेगळे. असं लिहिलं तरी पुरे:

"माझं वय ३१. दोन वर्षं क्रिकेटवर पैसे लावतोय, आधी ॲपवर, आता व्हॉट्सॲपवरच्या आयडीवर. उसाचं बिल आलं की दोन दिवसात जातं. पतसंस्थेचे दीड लाख, लोन ॲपचे साठ हजार, मित्रांचे चाळीस हजार. घरी फक्त भावाला माहीत आहे. रात्री मॅच असली की थांबवत नाही. झोप लागत नाही. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येत नाही. मला आधी खेळणं थांबवायचंय, कर्जाचं नंतर बोलू."

शेवटून दुसरं वाक्य बघा. तो विचार येत असेल तर ते पण असंच सरळ लिहा, पण मग मेलच्या उत्तराची वाट बघत बसू नका. मेल वाचायला वेळ लागतो, कधी दिवस जातो. अशा वेळी १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. अगदीच जिवावर बेतलं असेल तर ११२.

पार्किन्सनसाठी किंवा रात्री पाय वळवळतात म्हणून गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं मेलमध्ये नक्की टाका. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्यांनी काही जणांना जुगाराची अनावर ओढ लागते हे डॉक्टरांना माहीत आहे, म्हाताऱ्या वडलांनी आयुष्यात कधी न खेळता अचानक लॉटरी-मटका सुरू केला असेल तर आधी हेच बघा. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला विचारूनच.

काहीजण पोलिसांच्या भीतीनं लिहीत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राचा कायदा आला, त्यात शिक्षा आहे ती गेम चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्याला, नुसतं खेळणाऱ्याला नाही. आणि जुगाराचं व्यसन हा आजार आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत पण आहे, दारूच्या व्यसनाशेजारीच.

उत्तरच आलं नाही? आधी स्पॅम बघा, जीमेल तिथलं ३० दिवसांनी उडवतं. मग स्टोरेज बघा, फुकटची १५ जीबी जागा फोटो आणि व्हॉट्सॲप बॅकअपनं भरली की मेल येणंच बंद होतं आणि आपल्याला वाटतं की समोरच्यानं दखल घेतली नाही. ज्या मेलवर गेमचं अकाउंट काढलं होतं त्यावरून लिहू नका, तिथं बोनसचे मेल येतच राहतात आणि मदतीचं उत्तर वाचायला उघडलं की आधी तेच दिसतं. नवीन मेल आयडी काढा. कंपनीचा किंवा कॉलेजचा पत्ता नको. घरात फोन सगळ्यांच्या हातात असेल तर नोटिफिकेशन बंद ठेवा. आणि दर वेळी नवीन मेल सुरू न करता त्याच मेलला रिप्लाय करा, म्हणजे मागचं सगळं समोरच्याच्या डोळ्यापुढं राहतं.

आता जी चूक मला सगळ्यात जिव्हारी लागते ती. दोन-तीन मेल होतात, माणूस महिनाभर खेळत नाही, मग एका रात्री परत लावतो आणि लाजेनं लिहिणंच बंद करतो. "त्यांनी एवढं समजावलं, आता कुठल्या तोंडानं लिहू." अरे, तीच तर लिहायची वेळ आहे! व्यसनावर काम करणाऱ्या माणसाला परत घसरणं नवीन नाही, तो रागवायला बसलेला नाही, त्याला फक्त कळायला पाहिजे की त्या रात्री काय झालं होतं, पैसे हातात आले होते का, घरात भांडण झालं होतं का, जुन्या बुकीचा मेसेज आला होता का. "काल परत खेळलो, आठ हजार गेले, संध्याकाळी कारखान्याचे पैसे जमा झाले होते" एवढ्या एका ओळीवरून पुढच्या वेळी ते पैसे थेट बायकोच्या किंवा भावाच्या खात्यात वळवायचं ठरू शकतं, बँकेच्या ॲपमधून यूपीआयची लिमिट कमी करता येते. सुधारलो की मग लिहितो म्हणून थांबलेली माणसं फार लांब जातात.

मेलवरून कर्ज फिटत नाही, तसं मागू पण नका. बेकायदा सावकाराचा त्रास असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज द्यायचा. लोन ॲपच्या वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केलीय, आले तर स्क्रीनशॉट ठेवा.

आणि घरच्यांनी नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नावानं, जणू तोच लिहितोय असं लिहू नये. वहिनी, ताई, काकू, तुम्ही स्वतःच्या नावानं लिहा, तुम्हाला काय होतंय, घरात काय विकलं गेलं, तुम्ही किती वेळा त्याचं देणं भागवलं. तो तयार नसला तरी तुम्हाला मदत मागता येते. पुढचं देणं भागवायचं की नाही हे तरी एकदा समुपदेशकाला विचारून मगच ठरवा.