फेल्टच्या वस्तू ऑनलाइन विकायच्यात? आधी घड्याळ लावा

मी विकलेली पहिली वस्तू म्हणजे फेल्टची, म्हणजे न विणलेल्या जाडसर मऊ कापडाची, पाळण्यावर टांगायची पाटी, तिच्यावर ‘ओवी’ हे बाळाचं नाव. दीडशे रुपयांना दिली आणि फार खूश झाले. महिनाभरानं हिशेब मांडला तेव्हा कळलं, की सामान आणि पॅकिंग मिळून शंभर रुपये गेले होते आणि काम अडीच तासांचं होतं. उरलेल्या पन्नास रुपयांना अडीचनं भागा. तासाला वीस रुपये!

म्हणून पहिली पायरी इन्स्टाग्रामचं पान उघडण्याची नाही. तुम्हाला सगळ्यात सफाईनं येणारी एक वस्तू निवडा, तीच पाच वेळा करा आणि दर वेळी मोबाइलवर वेळ लावा. कापणं, शिवणं, चिकटवणं आणि पॅकिंग यांची मिनिटं वेगवेगळी लिहा. छंद म्हणून करताना आपण मालिका बघत शिवतो, त्यामुळे वेळ कुठे जातो ते कळतच नाही. माझ्या पाटीत प्रत्येक अक्षराच्या कडेनं काजटाका घालायला ७० मिनिटं जायची. तिथे साधा धावदोरा घातला तर २५ मिनिटं. तेव्हापासून दोन प्रकार ठेवलेत, धावदोऱ्याची पाटी स्वस्त आणि काजटाक्याची महाग. गिऱ्हाईक आपणच निवडतं.

दुसरी पायरी, काय विकायचं ते ठरवा. की-चेन, फ्रिज मॅग्नेट, फुलं, हेअरक्लिप हे सगळं बाजारात यंत्रावर कापलेलं ढिगानं मिळतं आणि त्या भावाशी आपली कात्री स्पर्धा करू शकत नाही. नावाचं तसं नसतं. ‘मल्हार’ किंवा ‘ईरा’ देवनागरीत, बारशाच्या पाळण्याच्या रंगाला जुळवून, तेही चार दिवसांत हवं असेल तर कारखान्याला ते परवडत नाही. शक्यतो तीनच वस्तूंवर दुकान सुरू करा. माझ्या तीन म्हणजे नावाची पाटी, राखी आणि दाराचं छोटं तोरण.

देवनागरी अक्षरं फेल्टमध्ये कापणं हे वेगळंच प्रकरण आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते. शिरोरेषा हा आपला मोठा फायदा. रोमन अक्षरं एकेक करून दोरीत ओवावी लागतात, आपलं अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. पण ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचा काना फक्त शिरोरेषेला लोंबकळत असतो. वरची पट्टी अरुंद ठेवली की तो डोलायला लागतो. पट्टी किमान एक सेंटिमीटर ठेवा आणि फेल्ट दोन मिलिमीटरचं, कडक घ्या. अनुस्वार आणि चंद्रबिंदू सुटे तुकडे असल्यानं नाव मागे फेल्टचा दुसरा अखंड तुकडा घेऊन त्यावर शिवलेलंच बरं. ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटं कापायला भरतकामाची टोकदार छोटी कात्री लागते. ती कात्री कागदाला लावू देऊ नका, घरातल्यांना तसं बजावून ठेवा. साचा फेल्टच्या मागच्या बाजूला आखत असाल तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी छापून घ्या. ही चूक प्रत्येकाकडून एकदा होतेच.

फॉन्ट निवडताना जाड आणि गोलसर घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला ‘बालू’ फेल्टसाठीच केल्यासारखा आहे आणि त्याचा परवाना खुला असल्यानं त्यात केलेल्या वस्तू विकायला अडचण नाही. काही फॉन्टांत ‘ल’ हिंदी वळणाचा येतो. मराठी आईला तो लगेच खटकतो, तेव्हा पाकळीचा ‘ल’ हातानं काढून घ्या. आणि नाव कायम गिऱ्हाइकाकडूनच देवनागरीत टाइप करून मागवा. ‘रुद्र’ की ‘रूद्र’ हा वाद आपल्या अंगावर घ्यायचा नाही.

आता सामान. दुकानात ‘फेल्ट शीट’ मागितली की बहुतेक वेळा पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिकची मिळते. ती सुयांच्या यंत्रानं तंतू एकमेकांत अडकवून केलेली असते. खरं लोकरी फेल्ट वेगळं. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ओल, उष्णता आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत रुततात. काश्मीरचा नमदा याच तत्त्वावर बनतो. लोकरी फेल्ट दिसायला देखणं आणि कडा सुबक, पण कितीतरी महाग, गरम पाण्यात आटणारं आणि कसर लागणारं. राखीच्या फुलासाठी ते वापरावं, तोरणाला सिंथेटिक पुरतं. मात्र घेताना बोटानं दहा-बारा वेळा घासून बघा. गोळे आले तर तो गठ्ठा परत ठेवा. पुण्यात बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे एकदा प्रत्यक्ष फिरून या, नंतर फोनवर मागवता येतं. एका हंगामाला लागणारा रंग एकदमच घ्या. पुढच्या खेपेचा लाल तोच लाल नसतो.

ग्लू गनबद्दल एक ताकीद. मे महिन्यात नागपूरला पाठवलेल्या तोरणाची पानं वाटेतच सुटली, कारण उन्हात तापलेल्या गाडीत ग्लू मऊ पडला होता. तेव्हापासून भार पेलणारा प्रत्येक जोड शिवलेलाच असतो. ग्लू फक्त सजावटीला.

किंमत कशी लावायची ते त्याच पाटीवरून बघू. सामान आणि पॅकिंग १०० रुपये. वेळ अडीच तास, आणि यात गिऱ्हाइकाशी झालेल्या गप्पा आणि फोटोसुद्धा धरायचे. तासाला १०० रुपये धरले तर २५०. झाले ३५०. बिघडलेल्या आणि बदलून दिलेल्या मालासाठी दहा टक्के म्हणजे ३५. आता ३८५. यावर वीस टक्के, म्हणजे ७७, धंद्याचे: नवी कात्री, जाहिरात, पोर्टलचं कमिशन. एकूण ४६२, म्हणून ४६० रुपये, टपालखर्च वेगळा. आकडा बघून छाती दडपते, मान्य आहे. मैत्रिणी म्हणतील, ‘एवढे?’ पण त्या तुमचं गिऱ्हाईक नाहीत, त्यांना भेट द्या. किंमत जास्तच वाटत असेल तर वेळ कमी करा, मजुरी नको. दहा नावं एका बैठकीत कापली की दर नगाला वाचलेली मिनिटं तुमच्याच वहीत दिसतील.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीशेजारी पांढरा चार्ट पेपर, सकाळचा थेट न पडणारा उजेड, ट्यूबलाइट बंद. आकार कळावा म्हणून एका फोटोत वस्तू हातात धरा. मोबाइलमध्ये लाल आणि राणी रंग भडक येतो, फोटो वस्तूशेजारी धरून जुळवा. नाहीतर ‘रंग वेगळा आला’ ही तक्रार ठरलेली. एक फोटो मागच्या बाजूचाही टाका. स्वच्छ पाठ बघून विश्वास बसतो.

दुकान म्हणून सुरुवातीला व्हॉट्सअॅप बिझनेस पुरतं. ते फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो आणि ‘पैसे आले’, ‘पाठवलं’ अशी लेबलं लावता येतात. इन्स्टाग्राम दाखवण्यासाठी, व्हॉट्सअॅप व्यवहारासाठी. एट्सीसारख्या परदेशी पोर्टलवर एक वस्तू चार महिने मांडायला २० सेंट आणि विक्रीवर ६.५ टक्के शुल्क असतं, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च. तिथे दुसऱ्या वर्षी जा. ऑर्डर पूर्ण पैसे घेऊनच सुरू करा, नाव शिवलेली वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात बघा. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर तो चोरच.

कागदपत्रांचं थोडक्यात. छोट्या धंद्याची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारवरून फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. फक्त वस्तू राज्यातल्या राज्यात विकत असाल तर महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पोर्टलवरूनही राज्यांतर्गत विक्री नोंदणीशिवाय करता येते, फक्त जीएसटी संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवताना मात्र नियम बदलतो. ठराविक यादीतल्या हस्तकला वस्तूंना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएला एकदा विचारून घ्या.

खेळण्यांच्या बाबतीत खास जपा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि फेल्टचा हत्तीही खेळणंच ठरतो. विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, तेव्हा खेळणी करायची असतील तर आधी ती नोंदणी. आणि मिकी माउस, छोटा भीम नकोच. ती पात्रं दुसऱ्यांच्या मालकीची आहेत.

पाठवताना फेल्ट फसवतं. वजनाला हलकं, पण जागा खातं. कुरिअरवाले बऱ्याचदा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात. ३० × २५ × १० च्या खोक्यात शंभर ग्रॅमचं तोरण ठेवलं तरी ते दीड किलोचं धरलं जातं. म्हणून वस्तूची रचनाच अशी करा, की ती दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बसेल. पावसाळ्यात आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच, कोकणात पाठवताना तर दोन. स्पीड पोस्टनं पाठवलंत तर पावती ऑर्डरच्या पानालाच चिकटवा.

शेवटी पंचांग. अधिक महिना आला की सण पुढे जातात. २०२५ मध्ये राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २८ ऑगस्टला येते आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. सणाच्या दिवसापासून उलटं मोजा: टपालाला दहा दिवस, शिवायला तीन आठवडे, फोटो आणि जाहिरात त्याआधी. न्यू जर्सीतली बहीण नाशिकच्या भावाला राखी पाठवायला सांगते तेव्हा परदेशी टपालाचा प्रश्नच येत नाही, पण तीही शेवटच्या आठवड्यातच जागी होते. तिच्यासाठी पाच-सहा तयार राख्या बाजूला काढून ठेवते. बाकीच्यांसाठी सण पंधरा दिवसांवर आला की स्टेटसला एवढंच: ‘राखीच्या ऑर्डर बंद. नावाच्या पाट्या सप्टेंबरपासून.’